हातोडी पूजेत होती

मी रुळाचा एक जुना तुकडा आहे, मित्रांनो. खानापूर आणि गुंजी यांच्या मध्ये, रानात, कारवंडी नावाचं एक चिमुकलं स्टेशन आहे. तिथल्या फणसाच्या आडव्या फांदीला मला जाड तारेनं टांगलेलं आहे. लोखंडाचा म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, हा मोठा छातीचा असणार. तसं काही नाही. मी जन्माचा काळजीखोर. आत्ताही मला धास्ती आहे की माझी गोष्ट अर्ध्यावर येईल आणि तुमच्यातला एखादा पेरूच्या झाडाकडे पळेल. तर तेवढं पळू नका.

माझा जन्म विलायतेतल्या एका भट्टीत झाला. लालभडक रसाचा मी हळूहळू थंड होऊन लांबलचक झालो, तेव्हा एका माणसानं माझ्या अंगावर खडूनं रेघ ओढली आणि दुसऱ्याला ओरडून सांगितलं, “लाइन!” त्या रेघेवर मला कापलं. आयुष्यात कानावर पडलेला पहिला शब्द तो, आणि त्याच्या पाठोपाठ करवत आली. तेव्हापासून त्या शब्दाचं मला भय आहे.

पुढे आम्हा भावंडांना बोटीच्या पोटात रचलं. समुद्र खालीवर होई आणि माझा जीवही. लोखंडाला पोहता येत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मुरगाव बंदरात उतरलो, मालगाडीतून घाट चढलो, आणि सन एकोणीसशे तीन-चारच्या सुमाराला कारवंडीच्या रानात मला सागवानी सिलीपाटांवर बसवण्यात आलं. रूळ ज्यांच्यावर टेकतात त्या आडव्या ओंडक्यांना इकडे सिलीपाट म्हणतात.

इथल्या माणसांना साहेबाची बोली येत नव्हती, पण तो एक शब्द मात्र जो तो बोलत होता. मी जिथं पडलो होतो ती लाइन. रुळांची देखभाल करणाऱ्या गँगच्या कौलारू खोल्यांची रांग होती, तीही लाइन. कुणी विचारावं, “भरमू कुठं हाय रं?” आणि उत्तर मिळावं, “लाइनीत हाय.” म्हणजे तो रुळावर घाम गाळतो आहे की घरात भाकरी खातो आहे, हे विचारणाऱ्यानंच ताडायचं. पगाराच्या दिवशी एकामागे एक उभं राहायचं, तीही लाइन. स्टेशनातली तार बोलेनाशी झाली की लाइन बिघडली. आणि सगळ्यांत मोठी म्हणजे ‘लाइन क्लिअर’. ती पुढच्या स्टेशनानं दिल्याशिवाय मागच्या स्टेशनातून गाडी हलायची नाही.

मला आपली काळजी. एकाच गड्याला दहा घरची कामं सांगितली तर तो कुठलं तरी एक विसरणारच. ह्या शब्दाचंही तसंच होईल, असं मला वाटे. पण माणसं बेफिकीर होती. ती बोलत आणि त्यांचं त्यांना बरोबर कळे.

लाइनीत मी दहा-बारा वर्षं काढली. रोज सकाळी भरमू येई. तो गँगमधला चावीवाला, म्हणजे रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या सैल झाल्या की त्या ठोकून घट्ट करणारा. खानापुराजवळच्या शेतकरी घरातला हा सडपातळ माणूस, लाइनीवरून चालताना रुळांशी बोलत असे. “काय रं, बरा हाईस न्हवं?” म्हणून तो मला हातोडीनं ठोकायचा आणि मी खणखणीत उत्तर द्यायचो. एका थंडीत मात्र माझं उत्तर फुटकं निघालं. माझ्या टोकाला चीर गेली होती. मी ती लपवून ठेवली नव्हती, मला तर गाडी येताच घाम फुटत होता, पण सांगणार कुणाला?

भरमूनं पुन्हा एकदा हातोडी मारली आणि तो उठून उभा राहिला. त्याच दिवशी मला उपटून बाजूला टाकलं आणि माझ्या जागी नवा रूळ बसवला. माझा मोठा भाग भंगारात गेला. हातभर धड तुकडा उरला, तो ह्या फणसाला टांगला. परशराम नावाच्या धिप्पाड गँगमननं तेव्हा मला खांद्यावर पेललं होतं. लाइनीतून निघालो म्हणजे संपलो, असं मी मनात म्हणत होतो, तोच खालून कुणीतरी हातोडी मारली.

मित्रांनो, माझा आवाज मला त्या दिवशी कळला. तो ओढ्यापर्यंत गेला आणि पलीकडच्या टेकडीला लागून परत आला.

तेव्हापासून मी स्टेशनाची घंटा झालो. शेजारच्या खांबाच्या खुंटीवर माझी हातोडी लटकलेली असे. शेजारच्या स्टेशनातून गाडी सुटल्याची तार आली की सांधे बदलणारा पॉइंटमन भावकू दोन टोल देई. माझ्या टोलावर गाव जेवे, गुरं परतत, आणि मुख्य म्हणजे माझ्या टोलावर पूल चाले. तो पूल नीट समजून घ्या, कारण माझी सगळी काळजी त्या पुलापाशी येऊन बसते.

स्टेशनापासून खानापूरच्या बाजूला एक खोल ओढा आहे. त्यावर लाइनीचा पूल. त्याला कठडा नाही, कडेला उभं राहायला जागा नाही. सिलीपाटावरून सिलीपाटावर पाय टाकत जायचं आणि मधल्या फटीतून खालचं पाणी बघायचं नाही. पावसाळ्यात ओढ्यातला पायउतार बुडाला की दिवाळीपर्यंत गावाला दुसरी वाटच नसे. पुलापलीकडे लाइन टेकडीमागे वळते, त्यामुळे खानापूरकडून येणारी गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही की ऐकू येत नाही. म्हणून लोकांनी आपला एक नेम केला होता. पुलावर पाय ठेवण्याआधी थांबून कान द्यायचा. टोल झाला असेल तर गाडी जाईपर्यंत बसायचं. टोल झाला नसेल तर पूल मोकळा. लहान पोरांनाही हे चालायला शिकतानाच शिकवत.

आमचे स्टेशनमास्तर श्रीपाल हे निपाणीकडचे जैन. मराठीत सुरुवात करून कानडीत वाक्य संपवणारे, मऊ स्वभावाचे गृहस्थ. संध्याकाळची गाडी गेली की ते लाइनीतल्या पोरांना फणसाखाली बसवून चार अक्षरं शिकवत. एकदा त्यांनी मातीत काडीनं रेघ ओढली आणि म्हणाले, “इंग्रजीत ही लाइन. वहीतली ओळ, ती पण लाइन. मासे धरायची दोरी, ती पण लाइन. बाप, लेक, नातू असं घराणं चालतं की नाही, त्याला पण लाइनच म्हणतात बघा.”

पोरं हसली. भरमूची पाच-सहा वर्षांची मनू मात्र हसली नाही. तिनं फणसाच्या बुंध्याकडे बोट केलं. “मास्तर, माझी आये बसती ती बी लाइनच न्हवं?”

मास्तरांनी तिकडे पाहिलं आणि नजर वळवली. “व्हय गं बाई,” ते म्हणाले, “ती पण.”

आता हेही सांगायला हवं. त्या काळी बाईला महिन्यातून काही दिवस घराबाहेर बसावं लागे. कावळा शिवला, असं म्हणत. लाइनीतल्या बायका त्या दिवसांत माझ्या फणसाखाली येऊन बसत. बसणाऱ्या बाईभोवती राखेची रेघ ओढलेली असे; मी त्या रेघेच्या जरा बाहेर, पण आतून हात पोचेल इतका जवळ. तिनं रेघेबाहेर यायचं नाही, कुणी आत जायचं नाही, देवाधर्माचं तर नावच नको. भाकरीही रेघेवरून सरकवत. मी वरून बघत असे. बसलेल्या बाईशी दिवसभर कुणी धड बोलत नसे, म्हणून ती कधीकधी माझ्याशी बोले. मनूची आई जयाबाई तर फार बोले. तिलाही माझ्यासारखी काळजी करायची सवय होती.

सन चोवीस-पंचविसाच्या एका पावसाळ्यात गँगमधल्या एका गड्याचा पाय सिलीपाटाखाली चेंगरला. परशराम नुकताच मुकादम झाला होता. त्याच्या मनानं घेतलं की गेल्या खंडेनवमीला पूजेत काहीतरी राहिलं, म्हणून हे झालं. खंडेनवमीला आपापली हत्यारं पुजायची आणि दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही रीत तुम्हाला ठाऊक असेलच. नवमीच्या सकाळची गाडी गेली तसा परशराम मास्तरांकडे आला.

“मास्तर, औंदा समदी हत्यारं मांडणार. पहारी, घण, पाने, झेंडं, आन टोलाची हातोडी बी.”

“हातोडी?” मास्तर चपापले. “अण्णा, गाडी आली तर टोल कशानं द्यायचा?”

“आता सांजच्यालाच येनार की गाडी. तवा तुमी शिट्टी फुंका. एका दिसाचा तर प्रश्न हाय. त्या गड्याचा पाय बघिटला न्हवं तुमी? आता कायबी ऱ्हायला नगं.”

परशरामाच्या डोळ्यांत पाणी होतं. तो वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. तो घाबरलेला होता, आणि घाबरलेल्याचं मन मला चांगलं कळतं. मास्तर पडले दुसऱ्या धर्माचे. लोकांच्या पूजेत आडवं येणं त्यांना जड गेलं. “बरं,” ते म्हणाले.

मी वरून “नको, नको” म्हणत होतो. मला आवाज आहे, पण हातोडी लागल्याशिवाय तो निघत नाही, हेच तर माझं दुखणं.

गँगच्या हत्यारांच्या कोठीसमोर सारवून त्यावर हत्यारं ओळीनं मांडली. हळदकुंकू, झेंडू, लिंबं. तांबडे-हिरवे झेंडे घडी करून ठेवले. माझी हातोडी अगदी मधोमध, फुलांत बुडून गेली. मग परशरामानं मलाही सोडलं नाही. शहापूरच्या मागावरचा नवाकोरा कपडा त्यानं माझ्याभोवती गुंडाळला आणि वर झेंडूच्या माळा आवळून बांधल्या. लोक हात जोडून माझ्याकडे बघत होते. आयुष्यात एवढा मान मला कधी मिळाला नव्हता, आणि कधी इतका जीवही घुसमटला नव्हता.

आता काय झालं होतं ते सांगतो. उजाडताच, हे सगळं ठरण्याआधी, लाइनीतल्या बायका पुलापलीकडच्या टेकडीवर आपट्याची पानं आणायला गेल्या होत्या. दसऱ्याचं सोनं ते. त्यांच्या पुढे होती परशरामाची बायको यशोदाबाई. जयाबाई त्या दिवसांत नेमकी फणसाखाली बसलेली, म्हणून मनूला यशोदाबाईनं बरोबर घेतलं होतं. जाताना मनू राखेच्या रेघेशी येऊन उभी राहिली.

“आये, सोनं आणाय जातो गं.” आमच्याकडे बायकापोरीही ‘जातो’च म्हणतात.

“पुलावर पाय घालायच्या आधी काय करायचं?” जयाबाईनं विचारलं.

“कान द्यायचा.”

“टोल झाला तर?”

“बसायचं.”

“आन न्हाय झाला तर?”

“यायचं!” असं म्हणून मनू पळाली. तेव्हा हातोडी खुंटीवरच होती. ती पूजेत गेल्याचं त्या बायकांना कळायला काही मार्गच नव्हता.

दुपार टळत आली होती. मास्तरांच्या खोलीतलं तारायंत्र टकटक करू लागलं. खानापूरकडून कुठल्याशा साहेबाची स्पेशल गाडी येत होती. कारवंडीची लाइन मोकळी होती, मास्तरांनी लाइन क्लिअर दिली. त्यांचं काही चुकलं नाही. थोड्या वेळानं गाडी सुटल्याची तार आली आणि ते बाहेर आले.

“भावकू, स्पेशल सुटली. दोन टोल दे.”

भावकूचा हात सवयीनं खुंटीकडे गेला आणि रिकामा परत आला. “मास्तर, हातोडी पूजंत हाय.”

“अरे हो,” म्हणत मास्तरांनी गळ्यातली शिट्टी फुंकली. ती फणसाच्या पलीकडेसुद्धा धड पोचली नसेल. ओढा दोन्ही काठ भरून गर्जत होता. आणि मग रेघेच्या आत बसलेली जयाबाई ताडकन उठली.

“मास्तर! बायका पुलापल्याड हायत! माझी मनू हाय त्यांच्यासंगं!”

मास्तरांचा चेहरा उतरला. “अय्यो! भावकू, पळ!” झेंडे तर पूजेत. भावकूनं डोक्याचा तांबडा पटका सोडला आणि तो हलवत लाइनीवरून धावत सुटला. पण पूल काही हाकेच्या अंतरावर नव्हता. बायकांची परतायची वेळ झाली होती. त्या पुलाच्या तोंडाशी थांबतील, नेमानं कान देतील, आणि माझं गप्प राहणं ऐकून पुलावर पाय ठेवतील. मित्रांनो, गप्प राहून कुणाला मारता येतं, हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

जयाबाईनं पायाशी पडलेला धोंडा उचलला आणि माझ्यावर मारला. थप्प! तिनं माळा ओरबाडल्या, गाठ सुटेना म्हणून शहापुरी कपडा दातांनी टरकावला आणि मला उघडं करून पुन्हा धोंडा घातला. धोंड्याचे दोन तुकडे झाले. माझा आवाज स्टेशनाच्या कुंपणाशीच पडला.

“आप्पा,” ती परशरामाला म्हणाली, “हातोडी द्या.”

परशराम पूजेपाशी हात जोडून उभा होता. त्याचे ओठ हलत होते. त्याची स्वतःची बायको पलीकडे होती. तरी त्याचा हात उठेना. “पूजंतली कशी उचलू?” तो पुटपुटला. “आन मी उचलली म्हणूनच तिकडं कायतर झालं तर? इंजन शिट्टी दील की वळणावर. देवी हाय, जया.”

“आप्पा, द्या हो!”

“तू पुढं येऊ नगंस! पूजा बाटंल!”

मास्तर पुढे झाले, थांबले, पुन्हा पुढे झाले. गँगचे गडी जमिनीकडे बघत होते. जयाबाईनं पायाशी पाहिलं. राखेची रेघ होती. मला वाटलं ही आता थांबणार. तिनं रेघ ओलांडली, तरातरा चालत गेली, फुलांत हात घातला आणि हातोडी उचलली. कुणाच्या तरी तोंडून “अगं!” निघालं. तोपर्यंत ती माझ्यापाशी परत आली होती.

असा घाव मला जन्मात कुणी घातला नव्हता. फार दुखलं, आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू! तिनं दोन टोल दिले नाहीत. ती देतच राहिली. फांदी हादरली, फणसावरचे पक्षी उडाले, टेकडीवरून माझाच आवाज परत येऊन माझ्यावर आदळू लागला. जा, जा, पुढे जा, असं मी त्याला सांगत होतो.

मग इंजिनाची शिट्टी आली, लांबलेली, पुन्हापुन्हा. आणि थोड्या वेळानं स्पेशल गाडी स्टेशनात शिरली. तिच्या पुढच्या लोखंडी जाळीत आपट्याच्या डहाळ्या अडकल्या होत्या, आणि एक तांबडं फडकं.

ते फडकं सगळ्यांनी ओळखलं. यशोदाबाईनं पानांचा भारा बांधायला नेलेलं. परशराम मटकन खाली बसला. जयाबाईनंही ते पाहिलं, पण तिचा हात थांबला नाही. गाडी उभी राहिली, साहेबानं खिडकीतून डोकं काढलं, मास्तर “जयाबाई, पुरे, पुरे” म्हणू लागले, तरी ती टोल देतच होती. थांबलं की खरं होईल असं तिला वाटत असावं. मलाही तसंच वाटत होतं. मला ती थांबायला नको होती.

लाइनीवरून आधी भावकू आला. त्याच्या मागे बायका. सगळ्यांत शेवटी यशोदाबाई, अनवाणी, गुडघे फुटलेले, आणि तिच्या कडेवर मनू.

जयाबाईच्या हातातून हातोडी गळून पडली. ती रेघेबाहेर उभी होती आणि मनू तिच्याकडे झेपावत होती. शिवायचं की नाही, हे तिला त्या क्षणी उमजेना. मनूनं वाट बघितली नाही. तिनं आईच्या गळ्यात उडी घेतली.

“आमी कान दिला की,” यशोदाबाई धापा टाकत सांगत होती. “टोल न्हवता. म्हणलं मोकळं हाय. पुलावर पाय घातला, थोडं पुढं आलो, आन टोल सुरू झाला. आन थांबंना! दोन टोल म्हाईत हायत, ह्ये काय इपरीत? मनूच म्हणली, मावशे, माघारी फीर. भारं टाकलं आन पळालो.”

परशराम उठून जवळ आला. त्याला हसावं की रडावं कळत नव्हतं. “यशोदे, पूजा बाटली गं. जयीनं हातोडी उचलली.”

यशोदाबाईनं विस्कटलेल्या फुलांकडे पाहिलं, फाटक्या कपड्याकडे पाहिलं. “बाटली तर बाटली,” ती म्हणाली. “मी जित्ती उभी हाय तुमच्या म्होरं, ती दिसती न्हवं? हत्यारांस्नी आंघोळ घाला आन पुन्ना मांडा.”

तसंच झालं. भरमू त्या वेळी गुंजीच्या बाजूला फेरीवर होता. तो परतला तेव्हा दिवस मावळत होता. त्याला सगळं कळलं. जयाबाई पुन्हा रेघेच्या आत बसली होती. तो रेघेच्या बाहेर, तिच्यासमोर मांडी घालून बसला आणि मनूला त्यानं मांडीवर घेतलं.

पण मित्रांनो, एका दिवसात सगळं गोड झालं असं सांगितलं तर मी खोटा ठरेन. पुढे वर्षभर कुणाला ताप आला, कुणाचं बोट ठेचलं, की लाइनीत कुजबुज होई. “नवमीला बाटलं न्हवं का, त्येचंच ह्ये.” जयाबाई पाण्याला गेली की दोघीतिघी बाजूला होत. ती माझ्याखाली येऊन बसली की म्हणे, “लोखंडा, मी वंगाळ केलं का रं?” मी उत्तर कसं देणार? माझी हातोडी तर खुंटीवर असे.

पुढची नवमी आली. हत्यारं मांडून झाली. सगळ्यांचे डोळे खुंटीकडे लागले होते. परशरामानं हातोडी काढली. मग मान खाली घालून त्यानं बायकांकडे बघून विचारलं, “औंदा बाहेर कोन हाय?”

बाप्या माणसानं असलं विचारायचं! बायका पदरात हसल्या. बाहेर होती यशोदाबाईच. परशराम फणसापाशी आला आणि लांबूनच त्यानं ती हातोडी राखेच्या रेघेच्या आत, तिच्यापुढे सरकवली.

“ही तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “आमी समदी पूजंत असतोय. तुला पूजा शिवायची न्हाय, तवा तुझं ध्यान हिच्यावर.” आणि मग जयाबाईकडे न बघताच म्हणाला, “गेल्या साली जयीनं केलं, तसं.”

त्या दिवसापासून कारवंडीत ती रीत पडली. नवमीच्या दिवशी हातोडी पूजेत ठेवायची नाही. जी बाई बाहेर बसली असेल तिच्या स्वाधीन करायची, आणि कुणी बसलं नसेल तर खुंटीवर. मला पुन्हा कधी कुणी कपडा गुंडाळला नाही. कुंकवाचं एक बोट तेवढं लावत.

काही वर्षांनी मनूवर पहिल्यांदा तिथं बसायची पाळी आली. पोर घाबरून गेली होती. भोवती राखेची रेघ ओढली तशी ती गुडघ्यांत डोकं घालून रडू लागली. नवमीचा दिवस नव्हता, काही नव्हतं. तरी जयाबाईनं खुंटीवरची हातोडी काढली आणि रेघेवरून आत ठेवली.

“डोळं पूस,” ती म्हणाली. “सांजची गाडी तुझ्याकडं.”

मनूनं डोळे पुसले. संध्याकाळी तार आली तेव्हा भावकू मुद्दाम लांब उभा राहिला. मनूनं दोन टोल दिले. ती पुलावर लक्ष ठेवत राहिली, गाडी येईपर्यंत.

आता माझं वय झालं. श्रीपाल मास्तर पेन्शन घेऊन निपाणीला गेले, भावकू गेला, परशराम गेला. स्टेशनात पितळेची चकचकीत घंटा आली आणि मला कुणी विचारेनासं झालं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भंगार गोळा करणारी माणसं आली, त्यांनी माझ्या पोटावर टिचकी मारली तेव्हा मी पार गारठून गेलो होतो. पण तार फांदीत इतकी रुतली होती की ती माणसं कंटाळून निघून गेली. आता पोरं मला गलोलीनं मारतात. त्याचा मला राग नाही. तेवढाच आवाज निघतो.

मनूबाई गुंजीला सासरी असते. माहेरी आली की माझ्याखाली उभी राहते, हातोडीला तेलाचं बोट फिरवते आणि एकच हलका टोल देते. मग पुलाकडे जाते.

सन सत्तेचाळीसच्या ह्या पावसाळ्यात मात्र माझी काळजी पुन्हा वाढली आहे. गँगची माणसं माझ्याखाली बसून वर्तमानपत्र वाचतात. स्वराज्य येणार म्हणून सगळे हरखले आहेत, आणि मीही हरखलो आहे. पण परवा एकानं वाचून दाखवलं की तिकडे पंजाबात आणि बंगालात साहेब नकाशावर एक लाइन ओढणार आहे. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या आणि ते विड्या पेटवून कामाला गेले. त्या शब्दाचे इतके अर्थ मी ऐकले, पण मला एकदम तो पहिला आठवला. खडूची रेघ, आणि मागून आलेली करवत. त्या लाइनीवर ज्यांची घरं आहेत, ज्यांची पोरं तिथून ये-जा करत असतील, त्यांना कुणी टोल दिला आहे का? की सगळे कुठल्या तरी पूजेत हात जोडून उभे आहेत?

मी हातभर लोखंड. माझा आवाज टेकडीपलीकडे जात नाही. म्हणून तुम्हाला सांगून ठेवतो, मित्रांनो. कुठं शांत आहे म्हणून सगळं ठीक आहे, असं समजून पाय टाकू नका. जुन्या वस्तूंना मान द्या, पण त्यांचं तोंड बांधू नका. आणि जाता जाता एवढं एक करा. त्या खांबाकडे वळून, हातोडी खुंटीवर आहे ना, तेवढं बघून जा.